अंडी दिसायच्या आधीचा महिना

झिंग्याच्या मादीच्या पोटाला नारिंगी अंडी लागलेली दिसली की आमच्या मच्छीमार सोसायटीतल्या माणसांना मायेचं भरतं येतं. कुणी बोकडाची कलेजी बारीक करून आणतं, कुणी ढेपेत तेल कालवतं, एका काकांनी तर घरच्या कोंबडीच्या अंड्याचा बलक वाटीत घालून आणला होता. मी घेते, टाकीत टाकते, नाही म्हणत नाही. पण पोटाला लागलेल्या त्या अंड्यांना यातला कणही पोचत नाही, हे दरवर्षी सांगते आणि दरवर्षी ते कुणाला पटत नाही. अंड्यात जे काही भरायचं ते मादीच्या अंगात असतानाच भरून झालेलं असतं. अंडी बाहेर येऊन पोटाखालच्या पायांना चिकटली की पुरवठा बंद. पुढचे वीसेक दिवस मादी ते पाय हलवून अंड्यांभोवती पाणी खेळतं ठेवते, खराब झालेली अंडी उचलून काढते. खायला मात्र देऊ शकत नाही.

हे सगळं लिहायला निमित्त झालं चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीकडच्या एका मामाच्या फोनचं. त्यांनी शेततळ्यात झिंगे सोडलेत आणि यंदा अंड्यांसाठी घरच्याच माद्या, म्हणजे ब्रूडर, ठेवायचा विचार आहे.

"बाई, ब्रूडरले जवसाचं तेल देऊ का? त्यात ओमेगा-थ्री असते म्हनते. मोबाईलवर आलं होतं."

असते. भरपूर असते. म्हणूनच तर हा प्रश्न फोनवर दोन मिनिटांत संपेना.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातली. घर ढिवराचं. आजा, बाप, मामे सगळे तलावावरचे, आणि आई अजूनही बोडीतले, म्हणजे छोट्या तळ्यातले, बारके झिंगे धरून, वाळवून आठवडी बाजारात विकते. मी नागपूरला मत्स्यविज्ञान शिकले, मग काही वर्षं नेल्लोर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर एका हॅचरीत, म्हणजे झिंग्याची पिल्लं काढायच्या केंद्रात, मॅच्युरेशनला होते. मॅच्युरेशन म्हणजे जिथं नर-माद्या ठेवून त्यांची अंडी तयार करतात तो विभाग. तिथला झिंगा वन्नामेई, मेक्सिकोपासून पेरूपर्यंतच्या पॅसिफिक किनाऱ्याचा, आपल्या देशात २००९ साली सरकारनं परवानगी दिली तेव्हापासून आलेला. आता गावी परत आहे आणि सोसायटीच्या तलावाच्या कडेला एका शेडमध्ये गोड्या पाण्यातल्या मोठ्या झिंग्याचं, म्हणजे बाजार ज्याला स्कॅम्पी म्हणतो त्याचं बीज, म्हणजे तलावात सोडायची पिल्लं, काढायचा आमचा उद्योग चालू आहे.

तलाव माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या, जमीनदारांच्या काळातला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे सहा-सात हजार तलाव आहेत, त्यांना लोक मामा तलाव म्हणतात. आमच्या तलावात रोहू, कटला, मृगळ असतेच. स्कॅम्पी त्यांच्यासोबत तळाशी राहतो आणि किलोमागे त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे देतो. अडचण एकच, बीज. आंध्रातून बीज यायचं ते पिशव्यांत तासन्‌तास प्रवास करून, आणि मरायला टेकलेलं. ज्यांच्याकडून यायचं त्यांना बोलून उपयोग नव्हता, गाडीत बसल्यावर जबाबदारी आमची.

आईचे बोडीतले झिंगे वेगळ्या जातीचे. ते कधी मोठे होत नाहीत आणि गोड्या पाण्यातच त्यांचा संसार चालतो. स्कॅम्पीचं तसं नाही. तो राहतो नदीत, पण त्याची पिल्लं गोड्या पाण्यात काही दिवसांतच मरतात. मलेशियात पेनांगला शाओ-वेन लिंग नावाच्या शास्त्रज्ञानं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हे कोडं सोडवलं, पिल्लांना निमखारं पाणी लागतं म्हणून. साधारण हजारी बारा भाग क्षार. समुद्र हजारी पस्तीस. आमच्यापासून समुद्र कुठल्याही बाजूनं शेकडो किलोमीटर, त्यामुळं आम्ही मिठागरातलं दाट खारं पाणी कॅनमध्ये मागवतो. हजारी एकशेवीसचं पाणी मिळालं तर त्यात नऊपट गोडं पाणी घालायचं, की झालं. थायलंडमध्ये समुद्रापासून आत असलेल्या हॅचऱ्या अशाच चालतात. गावातल्या लोकांना या खाऱ्या पाण्याचंच अप्रूप. खाद्याबद्दल फारसं कुणी विचारत नाही. मामांनी विचारलं, म्हणून त्यांना सविस्तर उत्तर द्यायचं ठरवलं.

तर जवस.

आपल्याकडं धानाच्या बांधीत, धान कापून झाल्यावर उरलेल्या ओलीवर जवस आणि लाखोळी पेरायची जुनी रीत आहे. निळी फुलं, मग बोंडं, मग चटणी. जवसाच्या तेलात निम्म्याहून थोडं जास्त अल्फा-लिनोलेनिक नावाचं मेदाम्ल असतं आणि ते ओमेगा-३ च आहे. मोबाईलवरचा निरोप इथपर्यंत खरा. मेदाम्ल म्हणजे कार्बनची साखळी. जवसातल्या या ओमेगा-३ ची साखळी १८ कार्बनची. झिंग्याच्या अंड्यात जी कामाची ओमेगा-३ मेदाम्लं सापडतात, त्यातल्या ईपीएची साखळी २० कार्बनची आणि डीएचएची २२ ची. जवसातलं अठराचं मेदाम्ल ओढून वीस-बावीसचं करायचं असेल तर शरीरात त्यासाठीची यंत्रणा हवी. गोड्या पाण्यातल्या बऱ्याच माशांकडे ती बऱ्यापैकी असते. झिंग्यांकडे ती फार दुबळी. समुद्रातल्या झिंग्याकडे तर नसल्यातच जमा, कारण तो पिढ्यान्‌पिढ्या अशा पाण्यात राहिला जिथं शेवाळापासून छोट्या किड्यापर्यंत सगळ्यांत ईपीए-डीएचए तयार मिळतं. स्वतः बनवायची वेळच आली नाही.

याची मला नेल्लोरला रोज प्रचिती यायची, वास घेऊन. मॅच्युरेशनच्या खोलीत अंधार, काळ्या गोल टाक्या, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत माद्यांना खायला काय? माकूळ, म्हणजे स्क्विड, बारीक कापलेली. कालवं. आणि समुद्रातल्या चिखलातले लाल-तपकिरी किडे, पॉलिकीट. या ताज्या खाद्याचं वजन रोज माद्यांच्या वजनाच्या पाचवा-चौथा हिस्सा. मालकाला यातलं काहीही स्वस्त पडत नव्हतं, आणि किड्यांमधून पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू किंवा ईएचपी नावाचा परजीवी येईल ही टांगती तलवार कायम. तरी ते बंद करायची हिंमत कुणाची नव्हती. गोळी खाद्यावर माद्या ठेवल्या की अंडी कमी, आणि नॉप्ली, म्हणजे अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू, कमजोर.

किड्यांमध्ये असं काय आहे, तर अ‍ॅराकिडोनिक नावाचं २० कार्बनचं ओमेगा-६. यापासून शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बनवतं आणि अंडाशय पिकण्याच्या, अंडी सुटण्याच्या कामात ती लागतात. माकुळीत डीएचए आणि ईपीए. शिवाय कोलेस्टेरॉल. आपल्याला डॉक्टर कोलेस्टेरॉल कमी करा म्हणतात, झिंग्याचं उलट आहे. त्याला कोलेस्टेरॉल शरीरात बनवताच येत नाही, खाण्यातूनच मिळावं लागतं, आणि कात टाकायचं संप्रेरक त्यापासूनच बनतं. वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल जवळपास नसतंच. म्हणजे जवसाचं तेल, करडईचं तेल, सोयाबीनचं तेल, कुठलंही घ्या, ही एक बाजू उघडीच राहते. वाटीभर बलक आणणारे काका या बाबतीत नकळत बरोबर होते. वेळ तेवढी चुकली.

तिथं संध्याकाळी टॉर्च घेऊन एकेक मादी पाहायची. पाठीवरून कवचाखाली अंडाशयाचा पट्टा दिसतो, पिकत आला की दाट नारिंगी. तसली मादी उचलून नरांच्या टाकीत. मीलन झालं की रात्रीतच लाखभर, कधी दोन लाख अंडी पाण्यात सोडते. वन्नामेई अंडी पोटाला धरत नाही. दुसऱ्या दिवशी नॉप्ली. नॉप्ली काहीही खात नाही, आईनं दिलेल्या शिदोरीवर दीड-दोन दिवस काढते आणि मगच तोंड उघडते. टाकीच्या कडेला दिवा धरायचा. चांगली नॉप्ली झपाट्यानं उजेडाकडं येते, कमजोर तळाशी रेंगाळते. मादीनं महिनाभर काय खाल्लं याचा निकाल तिथं मिनिटभरात लागायचा.

आणि हो, तिथं माद्यांचा एक डोळा कापतात. डोळ्याच्या देठात एक ग्रंथी असते, ती अंडाशयाला आवर घालणारं संप्रेरक सोडते. देठ कापला की आवर सुटतो आणि मादी पटापट अंडी तयार करायला लागते. फ्रान्समध्ये पानूझ यांनी १९४३ साली हे पहिल्यांदा दाखवलं. मला ते काम कधी आवडलं नाही, केलं मात्र. डोळा कापून अंडाशय घाईनं वाढवता येतो, पण त्यात भरायला मेद नसेल तर पुढच्या खेपांना अंडी पोकळ निघत जातात. मादीच्या यकृत-स्वादुपिंडासारख्या अवयवात, ज्याला हेपॅटोपॅनक्रियाज म्हणतात, साठा फार नसतो. अंडाशय वाढत असताना मेद बराचसा रोजच्या खाण्यातूनच तिकडे जातो. स्कॅम्पीच्या माद्यांना डोळा कापायची गरज पडत नाही, गावी परत आल्याचं ते एक मोठं सुख.

जवसाचा निकाल लावायचा तर एक चांगला प्रयोग झालेला आहे. चिनी झिंग्यावर, १९९४ साली प्रसिद्ध झालेला. माद्यांचे गट केले आणि खाद्यात तेल वेगवेगळं घातलं: एकाला अँकोव्ही नावाच्या छोट्या मासळीचं तेल, एकाला जवसाचं, एकाला सोयाबीनचं, एकाला डुकराची चरबी. मासळीचं तेल पुढे गेलं. अंड्यांतलं ईपीए जास्त तिथं अंड्यांची संख्या जास्त, आणि अंड्यांतलं डीएचए जास्त तिथं फुटण्याचं प्रमाण चांगलं, असा मेळ त्यांना दिसला. जवसात ओमेगा-३ भरपूर असूनही ते मासळीच्या तेलाची जागा घेऊ शकलं नाही. साखळीची लांबी आड आली.

मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "पन तो खाऱ्या पान्याचा झिंगा नं बाई. आपला तं गोड्या पान्याचा."

शहाणा मुद्दा आहे, आणि मामा शाळेत फार गेले नाहीत. गोड्या पाण्यातल्या झिंग्याचं गणित खरंच थोडं वेगळं आहे. बेल्जियममध्ये गेंट विद्यापीठात रोनाल्डो कवाली, पॅट्रिक लाव्हेन्स आणि पॅट्रिक सोर्गेलूस यांनी स्कॅम्पीच्या माद्यांवरच हे तपासलं, १९९९ साली ते छापून आलं. त्यांनी दोन गोष्टी कमी-जास्त करून पाहिल्या: लिनोलेइक, म्हणजे १८ कार्बनचं साधं ओमेगा-६, आणि लांब साखळीची ओमेगा-३. ज्या खाद्यात दोन्ही भरपूर होतं त्या माद्यांची अंडी, त्यांचं फुटणं आणि पिल्लांचा दम सरस निघाला. समुद्री झिंग्याच्या चर्चेत लिनोलेइकला फारसं कुणी विचारत नाही, स्कॅम्पीत ते महत्त्वाचं ठरतं. नदी-तलावात पानं, बिया, किडे असं जमिनीवरचं खाणं पाण्यात येत असतं आणि त्यात लिनोलेइक मुबलक. ज्या पाण्यात जो वाढला त्याची गरज तशी, असं मी यावरून समजते.

आपल्या भागासाठी ही बातमी चांगलीच म्हणायची. लिनोलेइकची आपल्याला काय कमी? करडईच्या तेलात ते साधारण तीन चतुर्थांश असतं, सोयाबीनच्या तेलात निम्मं. सोयाबीन तर आता विदर्भात घराघरात आहे, आणि त्यातलं लेसिथिनही झिंग्याला लागतं, कारण मेद रक्तातून इकडून तिकडे न्यायला फॉस्फोलिपिड, म्हणजे लेसिथिनसारखं द्रव्य, हवं असतं. म्हणजे खाद्याचा अर्धा भाग गावातच मिळतो. उरलेला अर्धा, लांब साखळीचं ओमेगा-३, तो मात्र धानाच्या बांधीत उगवत नाही.

सरकीच्या तेलातही लिनोलेइक निम्म्याच्या आसपास असतं आणि पश्चिमेकडं, यवतमाळ-अकोल्याकडं सरकीची ढेप स्वस्त. तिकडून कुणी विचारलं तर मी सरळ नको म्हणते. सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं आणि ते जनावरांच्या प्रजननावर वाईट परिणाम करण्यासाठीच ओळखलं जातं. तलावातल्या विकायच्या माशाला थोडी दिली तर एकवेळ ठीक, माद्यांच्या टाकीत कशाला? मोहाच्या ढेपेबद्दल तर कुणी विचारूच नये. तिच्यातल्या सॅपोनिननं मासे मरतात, तलाव रिकामा करायला ती वापरतातच. गंमत म्हणजे झिंगा सॅपोनिन माशापेक्षा कितीतरी जास्त सहन करतो. पण सहन करतो म्हणून ते खाद्य होत नाही.

मग लांब साखळी आणायची कुठून? माकूळ गोंदियाला बर्फात मिळते कधीमधी, भाव विचारून मी परत येते. पॉलिकीटचा प्रश्नच नाही. तलावाच्या काठाला मात्र शिंपले आहेत, आणि पावसाळ्यात बांधीत मोठ्या गोगलगाई निघतात. गोड्या पाण्यातल्या शिंपल्यात ईपीए आणि अ‍ॅराकिडोनिक दोन्ही असतं, गोगलगाईतही अ‍ॅराकिडोनिक बऱ्यापैकी. समुद्राइतकं नाही, पण ढेपेपेक्षा खूप बरं. आई शिंपले गोळा करून आणते, आम्ही उकळत्या पाण्यातून काढून मांस बारीक करतो. कच्चं देत नाही, तलावातला रोग शेडमध्ये कशाला आणा. एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या, जुन्या पुस्तिकेत स्कॅम्पीच्या माद्यांना आठवड्यातून दोनदा तरी गुराची कलेजी आणि माकूळ द्या असं लिहिलंय. आम्ही बोकडाची कलेजी देतो. बाजाराच्या दिवशी खाटकाकडे जाऊन मी कलेजी घेते तेव्हा तो विचारतो, "पाहुने आले का?" झिंग्यांसाठी म्हटलं तर हसतो आणि थोडी जास्त टाकतो.

याखेरीज टाकीचं पाणी हिरवं ठेवते. डायटम नावाच्या शेवाळात ईपीए असतं, ते खाणाऱ्या बारक्या पाणकिड्यांत ते गोळा होतं. काचेसारखं स्वच्छ पाणी पाहून पाहुणे खूश होतात, माद्या होत नाहीत. आणि शेवटी मासळीचं तेल, बाटलीतलं, गोळी खाद्यावर चोपडून. लांब साखळीसाठी एवढीच एक गोष्ट आम्ही बाहेरगावाहून विकत आणतो. प्रमाण कमीच ठेवते. सगळं मिळून खाद्यात मेद सहा ते आठ टक्के, त्यावर नाही. जास्त तेल म्हणजे जास्त अंडी असं नसतं. गरजेपेक्षा जास्त लांब साखळी दिली तर ती खराब व्हायचाच धोका वाढतो.

खराब होण्याची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण ती ना चीनच्या प्रयोगात येते ना बेल्जियमच्या. त्यांच्याकडं गोंदियाचा मे महिना नाही. मेदाम्लाची साखळी जितकी लांब आणि तिच्यात दुहेरी बंध जितके जास्त, तितकी ती हवेला लवकर बळी पडते. डीएचएत असे सहा बंध. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली खाद्याचं पोतं ठेवलं तर आतलं मासळीचं तेल थोड्याच दिवसांत खवट होतं. खवट तेल नुसतं निकामी नसतं. त्यातली पेरॉक्साइडं मादीच्या अंगातलं ई जीवनसत्त्व खाऊन टाकतात, आणि अंड्यांतल्या नाजूक मेदाची राखण ते ई जीवनसत्त्व आणि तो नारिंगी रंग देणारं अ‍ॅस्टाझँथिनच करत असतं. म्हणजे बिघडलेलं तेल दिलं की चांगलं मिळत नाहीच, वर जे होतं तेही जातं. जवसाचं तेलही यातून सुटत नाही. ते हवेत वाळून पापुद्रा धरतं म्हणून तर जुने रंगारी रंगात ते घालायचे. तेलघाण्यावरून ताजं आणून महिनाभर बरणीत ठेवलेलं जवसाचं तेल माझ्या लेखी झिंग्याचं खाद्य नाही.

एकदा एका दुकानदारानं दिलेलं पोतं उघडलं तर जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला. तारीख खोडलेली. परत घेतलं नाही त्यानं. ते पोतं आम्ही खतात टाकलं.

आता वेळेचं. मामांना मी उलटं मोजायला सांगितलं. पाऊस होऊन तलाव भरायला जुलैचा शेवट. त्या वेळी बीज सोडायचं तर पीएल, म्हणजे तळाला बसायला लागलेलं पिल्लू, जुलैच्या मध्याला तयार हवं. पिल्लाच्या अकरा अवस्था असतात, त्यांना महिना-सव्वा महिना लागतो. म्हणजे अंडी जूनच्या सुरुवातीला फुटायला हवीत. अठ्ठावीस अंशांच्या पाण्यात अंडी पोटाला सुमारे वीस दिवस राहतात, त्यामुळं ती मेच्या मध्याला लागायला हवीत. अंडाशय भरत जातो त्याआधीच्या आठवड्यांत. म्हणजे चांगलं खाद्य द्यायचं ते एप्रिलमध्ये, माद्या रिकाम्या दिसत असताना, आणि उन्हाळा ऐन भरात असताना. तेल सर्वांत जास्त हवं आणि सर्वांत लवकर नासतं तो हाच महिना.

माद्या रिकाम्या दिसतात असं म्हटलं, पण नीट पाहिलं तर दिसतं. डोक्याच्या कवचाखाली, वरून आणि बाजूनं, नारिंगी गोळा वाढत जातो. तो दिसायला लागला म्हणजे भरणं चालू आहे. मग मादी कात टाकते, तेव्हा तिचं अंग मऊ असतं, त्याच काही तासांत नर तिच्याशी मीलन करतो आणि पुढच्या काही तासांत अंडी पोटाला येतात. वीस माद्यांमागे एक-दोन निळ्या नांग्यांचे नर पुरतात. जास्त ठेवले तर आपसांत भांडतात आणि मऊ मादीचाच जीव जातो.

इथं काकांच्या बलकाबद्दल एक चांगली गोष्ट सांगायलाच हवी. स्कॅम्पीची मादी पोटाला अंडी असतानाच आत दुसरा अंडाशय भरायला घेऊ शकते. खाणं चांगलं असेल तर महिन्याच्या आत दुसऱ्यांदाही अंडी धरते. तेव्हा अंडीवाल्या मादीला घातलेलं वाया जात नाही, ते पुढच्या खेपेला लागतं. मी काकांना एवढं सांगितलं तर ते म्हणाले, "तं मंग मी बरोबरच होतो." होते. पण पुढची खेप आम्हाला ऑगस्टमध्ये बीज देईल आणि तोवर तलावात सोडायची वेळ निघून गेलेली असेल.

अंडी सुरुवातीला झगझगीत नारिंगी असतात. पिल्लू बलक खात जातं तसा रंग उतरतो, आणि फुटायच्या दोन-तीन दिवस आधी ती राखाडी-काळी होतात. तशी मादी निमखाऱ्या पाण्याच्या टाकीत हलवायची, बहुधा रात्री पिल्लं सुटतात. शेपटी वर, डोकं खाली, अशी उलटी पोहतात. पहिल्या दिवशी तीही खात नाहीत. दुसऱ्या दिवसापासून आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला एक बारकासा जीव, अमेरिकेतल्या खाऱ्या सरोवरातून डब्यात येणारी अंडी फोडून. आर्टेमियात डीएचए जवळपास नसतंच, म्हणून मोठ्या हॅचऱ्या तिला तेलाच्या द्रावणात ठेवून मग पिल्लांना देतात. आम्हाला ते अजून परवडत नाही. त्यामुळं आमच्या पिल्लांना अकरा अवस्था काढायला डीएचए जे काही मिळतं ते बहुतेक आईकडून आलेलं आणि थोडंफार अंड्याच्या कस्टर्डमधून. एप्रिलच्या खाद्यावर मी एवढी अडून बसते त्याचं कारण हेच.

मादी निवडतानाही हिशेब असतो. पहिल्यांदा अंडी धरणारी छोटी मादी पाच ते वीस हजार अंडी देते, पूर्ण वाढलेली ऐंशी हजार ते लाख. पण गोंदियाच्या थंडीतून मोठी मादी जगवून आणणं हेच अवघड. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडं पारा विदर्भात सर्वांत खाली जातो. पाणी वीसच्या खाली गेलं की झिंगा खाणं सोडतो, चौदाच्या आसपास मरतो. खोल डबक्यात किंवा शेडमधल्या झाकलेल्या टाकीत माद्या ठेवल्या तरच फेब्रुवारी दिसतो, आणि तेव्हा त्या वाळलेल्या असतात. त्यांना आधी नुसतं पोटभर खाऊ घालून अंगावर आणायचं, मग तेलाचं बघायचं. मामांच्या शेततळ्यात पाणी किती खोल आहे ते मी विचारलं नाही, विचारायला हवं.

जवसाबद्दल त्यांना शेवटी काय सांगितलं? थोडं ताजं तेल द्या, हरकत नाही, स्कॅम्पी त्यातलं काहीतरी वापरेल. पण त्यावर भिस्त ठेवू नका. शिंपले शोधा, कलेजी द्या, पाणी हिरवं ठेवा, मासळीच्या तेलाची छोटी बाटली घ्या, मोठी नको. ती काळ्या कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा आणि खाद्यावर रोजच्या रोज चोपडा, पोत्यात ओतून ठेवू नका.

"फ्रीज हाय नं घरी," मामा म्हणाले, "पन मामी ठेवू देईन का?"

आमच्याकडं हा तंटा दर एप्रिलला होतो. दुधाची पिशवी आणि मासळीचं तेल एकाच कप्प्यात राहणार नाही असं आईचं म्हणणं, आणि वास पाहता तिचं खरंही आहे. यंदा मी सोसायटीच्या बैठकीत शेडसाठी जुना फ्रीज घ्यायचा ठराव मांडलाय. खारं पाणी आणायला पैसे देताना कुणी तोंड वाकडं केलं नव्हतं. फ्रीजवर मात्र अध्यक्ष काका म्हणाले, पुढच्या बैठकीत पाहू.